पैसा कोणाच्या शब्दावर उभा आहे, ते डिचोलीत येऊन सांगा

माननीय डॉ. प्रमोद सावंत, मुख्यमंत्री व अर्थमंत्री, गोवा राज्य
आणि
माननीय श्री. संजय मल्होत्रा, गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक

यांस

हे पत्र मी आपणा दोघांना एकत्र लिहितो आहे. पैशाबद्दलचे काही निर्णय पणजीत होतात, काही मुंबईत. पण ते शेवटी एकाच माणसाच्या कनवटीला येऊन पोचतात. तो डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात भाजी विकतो, नाहीतर पेडण्यात हरमल-मोरजीला दोन खोल्या भाड्याने देतो. गेली काही वर्षे या दोन्ही तालुक्यांत मी एक प्रश्न सारखा ऐकतो आहे: हा डिजिटल पैसा खरा का?

विचारणारे निरनिराळे असतात. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दोन हजार रुपये ज्यांच्या खात्यात जमा होतात त्या म्हाताऱ्या विचारतात. मोबाइलवर बिटकॉइनचा भाव बघणारी मुले विचारतात. बँकेचे पासबुक अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवणारा निवृत्त शिक्षकही विचारतो. प्रत्येकाच्या मनातली वस्तू वेगळी असते, पण सरकारी जाहिरातीत, बँकेच्या भिंतीवर आणि अ‍ॅपच्या पडद्यावर तिला नाव एकच दिलेले असते, 'डिजिटल'. हा गोंधळ लोकांनी केलेला नाही. तो दूर करण्याचे काम आपले आहे, आणि ते झालेले नाही, म्हणून हे पत्र.

चवथीच्या आधी आमच्याकडे माटोळीचा बाजार भरतो. डोंगराकडच्या वाड्यांवरून बायका तोरिंजन, कवंडळ, सुपारीची शिपटी, रानातल्या वेली घेऊन येतात. वर्षातले हे मोजके दिवस त्यांच्या कमाईचे. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करते तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणी म्हणतात, 'नोट द्या हो.' त्यांना अडाणी समजण्याची आपल्या अधिकाऱ्यांना घाई असते. त्या बाईचा हिशेब मात्र पक्का आहे. नोट हातात आली की व्यवहार संपला. मोबाइलवरून पैसे आले की ते बहुधा मुलाच्या खात्यात जातात, तिथे आधीच गाडीच्या कर्जाचा हप्ता कापायला बसलेला असतो, आणि संध्याकाळी टेंपोवाल्याला भाडे द्यायला पुन्हा रोखच लागते. त्यात आता एक नवी भीती आली आहे. फसवणुकीचा पैसा कुणी तिच्याकडे नारळ घेऊन खर्च केला आणि १९३० क्रमांकावर तक्रार झाली, तर त्या पैशाचा माग काढत यंत्रणा तिच्या खात्यापर्यंत येते आणि तिचा काही दोष नसताना खाते गोठते. देशभर लहान दुकानदारांनी हे भोगले आहे.

मोबाइलवरच्या व्यवहाराचे फायदे मला दिसत नाहीत असे नाही. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, खोट्या नोटेची धास्ती गेली, रात्री रोकड घेऊन एकट्याने घरी जाण्याची जोखीम गेली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. लोकांना जे सोयीचे वाटले ते त्यांनी घेतले आणि त्यासाठी कुणी जबरदस्ती करावी लागली नाही. पण यूपीआय हे चलन नव्हे. माझ्या बँकेने तुमच्या बँकेला माझ्या नावचे देणे तुमच्या नावावर मांडा असे कळवायचे, एवढेच त्यात घडते. खात्यातला आकडा म्हणजे बँकेने आपल्याला देणे असलेली रक्कम. आणि बँक देणे चुकवू शकली नाही तर काय होते, हे उत्तर गोव्याने पुस्तकात वाचून शिकलेले नाही.

म्हापसा अर्बन सहकारी बँक हे नाव पेडणे, डिचोली आणि बार्देशातल्या घरांत अजूनही जड आवाजात घेतले जाते. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या ऐन दिवसांत, तिचा परवाना रद्द झाला. मधली जवळजवळ पाच वर्षे खातेदारांच्या पासबुकातला आकडा एका रुपयाने कमी झालेला नव्हता. ठरावीक मर्यादेपलीकडे तो काढता मात्र येत नव्हता. मुलीचे लग्न, मुलाची फी, शस्त्रक्रिया, घराचे छप्पर, या सगळ्या गोष्टी त्या मर्यादेपाशी येऊन थांबल्या. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितले की सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल. हे सांगता आले, कारण विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला गेली होती, परवाना रद्द होण्याच्या जेमतेम अडीच महिने आधी. हाच निर्णय मे महिन्यात झाला असता तर किती घरांचा हिशेब वेगळा लागला असता, याचा विचार मी अजूनही करतो. पुढच्या वर्षी जुलैमध्ये मडगाव अर्बनचाही परवाना गेला.

गव्हर्नरसाहेब, ठेव विम्याची मर्यादा पाच लाख आहे हे माझ्या गावातल्या दहा माणसांना विचारा. सांगणारे दोन मिळाले तरी मी समाधान मानीन. मग तीच माणसे मोबाइलवर पैसे घेतात तेव्हा ते नक्की कोणाच्या भरवशावर घेतात, हे त्यांना कोण सांगणार?

मग लोक म्हणतात, सोने खरे. त्याचेही गोव्याला आठवत असलेले उत्तर आहे. पोर्तुगीज अमलात इथे बांकू नासियोनाल उल्त्रामारिनु ही बँक होती. तिच्याकडे गोमंतकीयांनी दागिने गहाण ठेवले होते. डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्य येण्याच्या आधी, ते सोने लिस्बनला नेले गेले. परत आले १९९१ मध्ये. तीस वर्षांत त्या सोन्याचा कस उतरला नव्हता, वजनही घटले नव्हते. ते सोडवायला पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते मिळत नव्हते, कारण ज्याच्या ताब्यात होते तो दुसऱ्या देशात होता आणि आमच्या कायद्याचा हात तिथवर पोचत नव्हता. ज्यांनी ते गहाण ठेवले, त्यांतले कितीतरी जण ते परत आलेले बघायला उरले नसतील.

चलन बदलणे हीसुद्धा आम्हाला नवी गोष्ट नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस, डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. पोर्तुगीज रुपिया चालला. १९५९ मध्ये एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने तो एस्कुदो झाला. दोन-तीन वर्षांतच तेही जाऊन भारतीय रुपया आला. नव्वदीच्या पुढचा एखादा माणूस अजून भेटला तर त्याने एकाच आयुष्यात तीन चलने हाताळलेली असतात. अशा मुलखात पैशाची किंमत कागदात किंवा धातूत असते असे कुणाला पटवता येत नाही. देणारा कोण आणि त्याला गाठता येते का, एवढेच इथला माणूस बघतो.

नोटेच्या पाठीशीही काही तिच्या किमतीइतके सोने नसते. १९५७ पासूनच्या नियमानुसार रिझर्व्ह बँकेने किमान दोनशे कोटींची राखीव मालमत्ता ठेवायची, त्यात ११५ कोटींचे सोने. बाकीचा सारा डोलारा सरकारच्या हमीवर आणि देशाच्या कारभारावर उभा असतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या तेव्हा चलनातल्या नोटांच्या एकूण किमतीपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम एका घोषणेत अडकली. म्हणजे रोख पैसाही हुकमाने थांबतो. फरक इतकाच की त्या नोटेवर शब्द कोणी दिला आहे ते छापलेले होते. लोकांनी रांगा लावल्या, हाल सोसले, पण बाद झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के रक्कम बँकांत परत आली आणि त्या शब्दाची भरपाई करावी लागली.

त्या दिवसांची आणखी एक गोष्ट मुख्यमंत्रिमहोदयांना आठवत असेल. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी पंतप्रधान गोव्यात होते. मोपा विमानतळाची आणि तुयेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीची पायाभरणी त्या दिवशी झाली, दोन्ही पेडणे तालुक्यातली. पन्नास दिवस द्या, हे त्यांचे आवाहन देशाने ऐकले ते त्याच कार्यक्रमात. पुढे काही दिवसांतच गोवा ३१ डिसेंबरपर्यंत देशातले पहिले रोखविरहित राज्य होईल असे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी जाहीर केले. त्या वेळचे मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर तर हरमलचेच. साध्या फोनवरून *९९# दाबून पैसे कसे पाठवायचे हे बाजारात बसलेल्यांना शिकवायचे ठरले. तारीख आली आणि गेली. पर्रीकरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, आणि मोपाच्या विमानतळाला त्यांचे नाव दिल्याचा मला अभिमान आहे. पण लोकांचा विश्वास तारीख नेमून मिळत नाही, आणि त्या घोषणेनंतर तिचे काय चुकले याचा जाहीर हिशेब कुणी मांडला नाही. देशातल्या नोटा तेव्हा सुमारे अठरा लाख कोटींच्या होत्या, मार्च २०२५ मध्ये त्या जवळजवळ ३७ लाख कोटींच्या झाल्या. लोक मोबाइलही वापरतात आणि नोटही सांभाळून ठेवतात. दोन्ही एकाच वेळी वाढले, यात मला तरी शहाणपण दिसते.

पेडण्याने याचा एक धडा परक्यांच्या हालांतून घेतला. मोरजी आणि हरमलला रशियन पाहुणे वर्षानुवर्षे येतात. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातले काम थांबवले आणि रशियन बँकांची कार्डे देशाबाहेर चालेनाशी झाली. त्या लोकांच्या खात्यातले पैसे कुणी चोरले नव्हते. हॉटेलचे बिल मात्र भागवता येत नव्हते. त्यांचे खाते आणि मोरजीचा गल्ला यांच्यामध्ये जे उभे होते त्यांनी दार लावून घेतले, एवढेच. खोल्या भाड्याने देणाऱ्यांना त्या हंगामात नोटेची किंमत वेगळी सांगावी लागली नाही.

आता त्या मुलांबद्दल. डिचोली तालुक्याची अर्थव्यवस्था खाणीवर चालत होती. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ज्या घरांत ट्रकच्या खेपांवर पैसा येत असे, तिथली मुले आज मोबाइलवर पैसा शोधतात. त्यांना मी दोष देत नाही. काम गेल्यावर माणूस मिळेल त्या दाराशी जातो. पण बिटकॉइन आणि त्याच्यासारख्या इतर नाण्यांच्या बाबतीत एक गोष्ट त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेली नाही: तिथे देणेकरीच नाही. २ कोटी १० लाखांच्या वर बिटकॉइन निघणार नाहीत हे खरे, आणि त्यामागची गणिती रचना खरोखर विलक्षण आहे. तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये जे एक बिटकॉइन सुमारे ६९ हजार डॉलरला जात होते ते वर्षभरात १६ हजारांच्या खाली आले, आणि ज्याने वरच्या भावात घेतले त्याने तक्रार घेऊन जावे असे जगात एकही कार्यालय नव्हते. नंतर भाव पुन्हा चढला, हेही मला माहीत आहे. पण ज्याच्या आधारावर घरातल्या तांदळाची तजवीज करायची त्याची किंमत अशी हेलकावे खाणार असेल तर त्याला मी पैसा म्हणणार नाही. तो सट्टा आहे; ज्याला परवडतो त्याने खेळावा.

त्यातही हे नाणे कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न उरतोच. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये 'गेनबिटकॉइन' या गुंतवणूक योजनेच्या प्रकरणात ती चालवणाऱ्यांना अटक केली. दरमहा दहा टक्के परतावा, अठरा महिने, असे त्यात आमिष होते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीयांच्या ओळखीच्या बाजारमंचावरून २३ कोटी डॉलरहून जास्त किमतीची नाणी चोरीला गेली, ग्राहकांचे पैसे काढणे बंद झाले आणि प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले. डिचोलीच्या मुलाने सिंगापूरला कसे जायचे? १९६१ चे सोने लिस्बनला गेले होते. त्यानंतर साठ वर्षांनीही आमच्या माणसाचे गहाण परदेशी कायद्याच्या हवाली होते आहे, आणि सरकार त्यात फक्त कर वसूल करते. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. अशा नाण्यांच्या नियमनाचे विधेयक संसदेच्या २०२१ च्या हिवाळी अधिवेशनासाठी यादीत लागले, पण ते मांडलेच गेले नाही. कर घ्यायचा आणि संरक्षणाचा कायदा करायचा नाही, हे मला अन्यायाचे वाटते. मुख्यमंत्रिमहोदय, हा केंद्राचा विषय आहे हे मी जाणतो. तरी आपल्या राज्यातली मुले यात आहेत, म्हणून आपण दिल्लीत हा प्रश्न लावून धरावा.

आणि शेवटी तो डिजिटल रुपया, ज्याच्यावर मला खरोखर आशा ठेवावीशी वाटते. २०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातली नोटेची व्याख्या वाढवून तिचे डिजिटल रूपही त्यात घेतले. म्हणजे ई-रुपया हा रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा शब्द आहे, नोटेइतकाच. मोबाइलमधल्या पाकिटात तो असताना ते पाकीट पुरवणारी बँक बुडाली तरी रुपया बुडत नाही. म्हापसा अर्बनचे दिवस ज्याने काढले आहेत त्याला या वाक्याचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. गव्हर्नरसाहेब, हे वाक्य आपल्या बँकेने पेडण्याच्या बाजारात उभे राहून कधी सांगितले? १ डिसेंबर २०२२ रोजी प्रयोग सुरू झाला तो मुंबई, नवी दिल्ली, बंगळूरु आणि भुवनेश्वरला. पुढची नऊ शहरे जाहीर झाली त्यांतही गोव्याचे नाव नव्हते. मार्च २०२५ अखेर देशभर मिळून १,०१६ कोटींचे ई-रुपये चलनात होते. नोटांशी ताडून पाहिले तर दहा हजार रुपयांच्या नोटांमागे ई-रुपया तीन रुपयांचासुद्धा नाही.

तो लोकांना हवासा वाटत नाही याचे कारणही उघड आहे. यूपीआय करते ते सगळे तो करतो, पण तेवढेच करणार असेल तर नवे पाकीट कशाला? त्याचे वेगळेपण दिसेल ते नेटवर्क नसताना. चांदेल, हसापूर, इब्रामपूर, हणखणे या पेडण्याच्या टोकाच्या गावांत पावसाळ्यात वीज गेली की मोबाइलचा टॉवरही कधी कधी मुका होतो. त्या वेळी दोन मोबाइल जवळ आणून रुपया इकडून तिकडे देता आला, आणि बँकेला न विचारता देता आला, तर तो नोटेच्या बरोबरीला येईल. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या ई-रुपयाचा प्रयोग करू असे आपल्या बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले होते. मोठ्या शहरांच्या वातानुकूलित मॉलमध्ये त्याची परीक्षा कशाला घेता? ती हणखण्यात घ्या, भर आषाढात घ्या. तिथे चालला तर कुठेही चालेल.

त्याच घोषणेत दुसरी एक सोय होती, तिच्याबद्दल मला गंभीर काळजी आहे. ई-रुपया कुठे आणि कशासाठी खर्च व्हावा हे देणाऱ्याने आधीच त्यात बांधून ठेवण्याची ती सोय. ओडिशात सुभद्रा योजनेचे पैसे काही महिलांना डिजिटल रुपयात दिले गेले, म्हणजे सरकारी मदत या वाटेने देणे सुरू झाले आहे. उद्या गोव्यात गृह आधार योजनेचे दीड हजार या रूपाने आले, आणि ते अमुक दुकानात, अमुक तारखेच्या आत, अमुक वस्तूंवरच खर्च करायचे असे ठरले, तर त्या बाईच्या हातात रुपया पडला असे मी म्हणणार नाही. तिला सरकारी कूपन मिळालेले असेल. चवथीला सून माहेरी निघाली तर तिच्या हातावर ठेवायला, शेजारणीचे उसने फेडायला, देवळात ओटी भरायला, ज्याचे कारण कुणाला सांगावे लागत नाही असा पैसा बाईजवळ असलाच पाहिजे. गोवा सरकारने लेखी शब्द द्यावा की सामाजिक सुरक्षेचा एकही रुपया असा बांधून दिला जाणार नाही.

तोवर नोट मोडीत काढू नका. पंचायतीची घरपट्टी, विजेचे आणि पाण्याचे बिल, कदंबची तिकिटे, सरकारी इस्पितळातले शुल्क, यांपैकी एकाही खिडकीवर रोख रक्कम नाकारली जाऊ नये. बंद पडलेले एटीएम किती दिवसांत सुरू व्हायला हवे याला मुदत असावी. आणि प्रत्येक बँकशाखेत, सहकारी पतसंस्थेतसुद्धा, दाराशी मराठीत आणि कोकणीत एक पाटी असावी: इथे ठेवलेला पैसा कोणाचे देणे आहे, त्याला किती विमा आहे, विमा नसेल तर तसे स्पष्ट, आणि वाद झाला तर कोणाकडे जायचे.

माझी शेवटची विनंती साधी आहे. मुख्यमंत्रिमहोदय, साखळी हा आपला मतदारसंघ, तो डिचोली तालुक्यातच आहे. तिथल्या रवींद्र भवनात एक सभा घ्या आणि दुसरी पेडण्यात घ्या. रिझर्व्ह बँकेच्या पणजी कार्यालयातले अधिकारी, बँकांचे शाखाधिकारी, सायबर पोलीस आणि बाजारात बसणाऱ्या बायका समोरासमोर येऊ द्या. भाषणे नकोत. लोक विचारतील, खाते का गोठले, हप्ता आधी का कापला, ई-रुपया कुठे मिळतो, नेटवर्क नसताना काय करायचे. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लेखी द्या, त्याखाली अधिकाऱ्याचे नाव आणि सही असू द्या, आणि ती उत्तरे तालुक्यातल्या प्रत्येक पंचायतीत लावा. काजूचा हंगाम सुरू होण्याआधी हे झाले तर बरे, कारण तेव्हा गावात वर्षातला मोठा पैसा येतो आणि तो कसा घ्यायचा हे घरोघर ठरते.



आपला,
डिचोली तालुक्यातला एक खातेदार